देवणीच्या पारखीने घ्यावी जुनी मोटारसायकल

देवणी म्हटले की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे गावाच्या आधी जनावर उभे राहते. लांब लोंबते कान, भरदार वशिंड, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. गावाने जातीला नाव दिले आणि जातीने गावाला कीर्ती दिली. अशा गावात जनावर पारखण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आता पुष्कळ घरांतून बैलजोडी गेली आणि दारात मोटारसायकल आली. पण पारखण्याची नजर काही गेलेली नाही. तीच नजर जुन्या मोटारसायकलीवर कशी लावावी, तिला दूरच्या प्रवासाला कसे तयार करावे आणि देवणीहून निघून काय काय पाहावे, हे या लेखात सांगायचे आहे.

घरातला तरुण मुलगा हल्ली लडाख-स्पितीची चित्रे पाहतो आणि डोंगराच्या वाटेवर चालणारी उंच मोटारसायकल मागतो. नवी परवडत नाही, म्हणून जुनी शोधतो. त्यात सोयाबीनच्या एका हंगामाचा पैसा जातो आणि पुढे त्या गाडीवर घरातलीच माणसे बसतात. तेव्हा हा विषय नुसत्या हौसेचा राहत नाही.

सीमेवरचे गाव

देवणी लातूर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, बालाघाटच्या पठारावर, कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. पुढे ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा लातूरकडे गेले. आधी उदगीर तालुक्यात असलेली देवणी नंतर स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाली. सोयरीक आणि बाजारहाट मात्र अजूनही सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो. कानावर मराठीबरोबर कानडी पडते, दखनी उर्दू पडते. पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ.

देवणी जनावरांत तीन प्रकार मानतात. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा. अंग पांढरे आणि पोटाखालच्या भागात काळे ठिपके तो बालंक्या. सगळ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवरा. गीर, डांगी आणि इथली गावरान जनावरे यांच्या संकरातून ही जात घडली असे जाणकार सांगतात. गाय दूध देते, बैल शेतात ओढतो, म्हणून ही दुहेरी कामाची जात. कोणत्या घराला कसले जनावर हवे, हे इथला शेतकरी आधी ठरवतो आणि मग बाजाराची वाट धरतो. मोटारसायकलीचीही सुरुवात तिथूनच करावी.

आधी काम ठरवा

स्वतःला तीन प्रश्न विचारा. गाडी वर्षातले किती दिवस दूर जाणार आणि किती दिवस शेताच्या वाटेवर चालणार? मागे कोण बसणार? बिघडली तर दुरुस्त करणारा मिस्त्री किती कोसांवर आहे?

जुन्या काळी या भागात राजदूत होती, येझ्दी होती, बुलेट होती. राजदूत दुधाच्या कॅनखाली राबली, कारण ती दणकट होती आणि कोणताही मिस्त्री ती खोलू शकत असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि कमी पेट्रोलात चालणाऱ्या गाड्यांचा काळ सुरू झाला. दूरच्या आणि खडबडीत प्रवासासाठी मुद्दाम घडवलेली, सामान्य माणसाच्या आवाक्यातली गाडी आपल्याकडे अलीकडे आली. रॉयल एन्फिल्डची ४११ सीसीची हिमालयन २०१६ साली निघाली. २०२३ साली तिची जागा ४५० सीसीच्या नव्या हिमालयनने घेतली. हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली आली. चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० साली आली. जुन्या बाजारात मुख्यतः याच गाड्या दिसतात.

तिघींचे स्वभाव वेगळे. ४११ ची हिमालयन म्हणजे नांगराचा बैल: संथ, ताकदीची, ओझे घेऊन दिवसभर चालणारी. पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, टाकीत १५ लिटर पेट्रोल, बसण्याची उंची ८०० मिलिमीटर, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाचे पाय टेकतात. पण वजन दोनशे किलोच्या घरात. चिखलात आडवी झाली तर एकट्याने उचलणे अवघड. एक्सपल्स तिच्यापेक्षा सुमारे चाळीस किलोने हलकी. शेतवाटेला, बांधाला, ओढ्याला सोपी. मात्र तिची बैठक उंच आणि इंजिन लहान, त्यामुळे दोन माणसे व सामान घेऊन मोठ्या रस्त्यावर ती धापा टाकते. केटीएम तेज आहे. तिला चांगले पेट्रोल, वेळेवर देखभाल आणि तिच्या कामातला मिस्त्री लागतो. महिन्यातले पंचवीस दिवस गाडी शेतावर आणि बाजाराला जाणार असेल, तर हलकी घ्या. वर्षातून दोनदा जोडीने लांब जायचे असेल, तर संथ आणि दणकट घ्या.

आपल्या काळ्या रानासाठी आणखी एक गोष्ट पाहा. पावसाळ्यात चिकट माती चाकाला धरते आणि पुढचा मडगार्ड चाकाला चिकटून असेल तर गारा आत कोंबला जाऊन चाक जाम होते. मडगार्ड चाकापासून उंच असेल तर हा त्रास कमी. तारांच्या चाकात ट्यूब असते. बाभळीचा काटा भरला तर खेड्यातला कोणीही सायकलवाला ती काढून पंक्चर जोडतो.

दात पाहावेत तसे

जनावरांच्या बाजारात हेडे लोक उपरण्याखाली बोटे दाबून भाव करतात. शिंगांना रंग लावतात, अंगाला तेल चोळतात. जाणता शेतकरी रंगाकडे पाहत नाही. तोंड उघडून दात मोजतो: आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. खांदा चाचपतो, खूर पाहतो आणि शेवटी बैल चालवून पाहतो. मोटारसायकलीचे दात म्हणजे मीटरवरचा आकडा, असे पुष्कळांना वाटते. तो आकडा फिरवता येतो. पायाच्या दांड्याचे रबर, हँडलची मूठ, सीटचे कापड आणि ब्रेक पेडलची झीज पाहा. मीटर आठ हजार किलोमीटर सांगत असेल आणि पेडल घासून गुळगुळीत झाले असेल, तर पेडलवर विश्वास ठेवा.

सौद्याला सकाळी जा आणि आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर ते थंड होईपर्यंत थांबा. बसून चहा घ्या. थंड इंजिन कसे सुरू होते यात निम्मी परीक्षा आहे. धूर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते, रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्हचे काम आले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. थंडीच्या सकाळी पहिल्या काही क्षणांत पांढरी वाफ दिसली तर घाबरू नका.

मग हाडे पाहा. मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखे झाले तर कोनसेट गेला. मागचे चाक धरून आडवे हलवा. खळखळ लागली तर चिमट्याचे बुश किंवा बेअरिंग झिजले. पुढच्या शॉकअपच्या दांड्या कोरड्या फडक्याने पुसा, गाडी चार वेळा दाबा आणि पुन्हा पाहा. तेलाचे वळे उमटले तर सील फुटले. चाकाच्या प्रत्येक तारेवर पेन्सिल वाजवा. जी ठणकत नाही ती ढिली. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा. दात अर्धा उघडा पडला, किंवा दाते कोयत्याच्या टोकासारखे वाकले असले, तर चेन किटचा खर्च भावातून वजा करा.

चावी लावल्यावर एबीएसचा दिवा पेटला पाहिजे आणि गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. मुळीच पेटत नसेल तर दिवा काढून टाकला असण्याचा संभव आहे. १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. ओल्या रस्त्यावर ते जीव वाचवते, म्हणून हाती पैसा असेल तर त्यानंतरची गाडी बरी.

खाली वाका. इंजिनाखालचा पत्रा चेपलेला असणे वाईट नाही. तो चेपण्यासाठीच असतो. पण चॅसीच्या जोडांजवळ रंगाला तडा दिसला, किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग दिसला, तर तो सौदा तिथेच सोडा. सीट उचलून वायरिंग पाहा. जोडांवर हिरवट बुरशी, कोपऱ्यांत वाळलेला गाळ दिसला तर गाडी पाण्यात बुडून गेलेली आहे. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीकडे आणि २०२० साली हैदराबादेत मोठे पूर आले. पुरातली गाडी धुऊनपुसून दूरच्या बाजारात विकायला येऊ शकते.

शेवटी चालवून पाहा, आणि मागे माणूस बसवून पाहा. सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते का, गिअर स्वतःहून सुटतो का, ब्रेक लावल्यावर हँडल थरथरते का, हे पाहा. पाय ओढणारा बैल मोकळा उभा असताना ओळखू येत नाही. ओझे घेतल्यावरच ओळखू येतो.

कागदाशिवाय गाडी म्हणजे चोरीचे जनावर

बाजारात पावतीशिवाय बैल घेतला आणि पुढे मूळ मालक उभा राहिला, तर बैलही जातो आणि पैसेही जातात. गाडीचे तसेच. आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून ताडा. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक घालून विमा आणि दंडाची थकबाकी तपासा. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे मोकळे करू नका. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "करून देतो" म्हणणाऱ्याला सगळी रक्कम देऊ नका. गाडी तुमच्या नावावर होईपर्यंत काही रक्कम हातची राखा.

सीमेवरच्या माणसाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बीदरची केए-३८ क्रमांकाची किंवा हैदराबादची गाडी पुष्कळदा स्वस्त मिळते. परंतु एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर नवी नोंदणी करावी लागते. मूळ कार्यालयाचे फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते आणि इथला रस्ताकर भरावा लागतो. हा खर्च आधीच धरला तर कित्येकदा लातूर-नांदेडची गाडीच स्वस्त पडते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा क्रमांकपट्टीही महाराष्ट्रात सक्तीची आहे. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, तेव्हा दहा वर्षांपुढची गाडी घेताना पुढची वर्षे मोजा.

पीककर्जाचा पैसा या कामात घालू नका. ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा आणि उरलेल्यातच सौदा बसवा. जुन्या गाडीला पहिल्या महिन्यात टायर, चेन, बॅटरी, तेल यांपैकी काहीतरी लागतेच.

गाडी जुंपण्याजोगी करणे

गाडी घरी आली की आधी झिजणारे सगळे बदला: इंजिन ऑईल, फिल्टर, ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑईल. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात; ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात झालेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांचे रबर कडक होते आणि ओल्यात घसरते. वैशाखात आपल्या वाटांवर पिठासारखी धूळ असते, म्हणून एअर फिल्टर पुस्तकात सांगितल्यापेक्षा लवकर साफ करा. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. आपल्या ऊस-मक्याला त्याने बाजार मिळाला, हे खरे. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या तपासून घ्या आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नका.

मग ओझे. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलार होते, जू वर उचलते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. मोटारसायकलीचेही तसेच आहे. सामान मागच्या कॅरिअरवर उंच रचले की पुढचे चाक हलके होते आणि वळणावर हँडल ऐकत नाही. जड वस्तू खाली, दोन्ही अंगांना सारख्या आणि मागच्या चाकाच्या पुढे सरकवून बांधा. हलके कपडे वर. सामान चढवल्यावर टायरची हवा आणि मागचा शॉकअप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे वाढवा.

सोबत पान्ह्यांचा संच, ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, क्लच व ॲक्सिलरेटरची केबल, प्लग, फ्यूज, चेन लॉक, चिकटपट्टी आणि थोडी बांधायची तार असू द्या. जादा क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारीच ओवून ठेवली, तर तुटल्यावर पाच मिनिटांत काम होते. मुख्य म्हणजे निघण्यापूर्वी घरच्या अंगणात एकदा चाक स्वतः काढून बसवा. हत्यार पेटीत असून उपयोग नाही, हातात बसले पाहिजे.

काय लावू नये तेही सांगितले पाहिजे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावू नका. तो कायद्यात बसत नाही आणि वाटेवरची जनावरे बिथरतात. वायर कापून झगझगीत दिवे जोडू नका; वायरिंग तापते आणि समोरचा माणूस आंधळा होतो.

मागे घरधनीण बसणार असेल तर साडी गार्ड आणि धरायची मूठ काढून टाकू नका. साहसाची गाडी "सुटसुटीत" दिसावी म्हणून मुलांनी आधी काढलेली वस्तू हीच असते, आणि पदर मागच्या चाकात गेल्याने बायका पडतात. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने लागते. ते आयएसआय चिन्हाचे, डोक्यावर घट्ट बसणारे घ्या आणि दोघांसाठी घ्या. गाडीवर दोनच माणसे बसा. पैसे कमी पडले तर कॅरिअर पुढच्या वर्षी घ्या; हेल्मेट आजच घ्या.

पहिल्या फेऱ्या

लडाखची वाट लांब आहे. आधी गाडीची आणि आपली ओळख जवळच्या वाटांवर होऊ द्या.

पहिली फेरी एका दिवसाची. देवणीहून वलांडीकडून निलंग्याला जा. तिथे निळकंठेश्वराचे जुने मंदिर पाहा. पुढे औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत, जांभ्या दगडात कोरलेली. औशाचा किल्ला पाहून संध्याकाळच्या आत परत या. घरी आल्यावर प्रत्येक नटबोल्ट चाचपा. ढिले व्हायचे ते याच फेरीत होते.

दुसरी फेरी सीमेपलीकडे बीदरला. ज्या शहराच्या नावाच्या जिल्ह्यात आपल्या आजोबांची शेती नोंदलेली असे, ते शहर पाहणे हाही एक प्रवास आहे. बहामनी राजधानीचा भक्कम किल्ला आणि महमूद गवानाने १४७२ साली पुरा केलेला मदरसा तिथे आहे.

तिसरी फेरी दोन दिवसांची आणि सामानासह. उदगीरचा किल्ला पाहा. याच उदगिरीला ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि वर्षभरातच ते पानिपतावर पडले. तिथून देगलूरकडे वळून होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहा. पुढे कंधारचा रुंद खंदकाचा किल्ला. मार्गशीर्षाच्या अमावास्येच्या सुमारास निघालात, तर लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरलेली असेल. तिथे घोडे, गाढवे, उंट येतात. देवणी आणि लालकंधारी जनावरेही येतात. अहमदपूरमार्गे परत फिरा.

माळेगावच्या बाजारात गाडी सावलीला लावून थोडा वेळ हेड्यांच्या मागे उभे राहा. म्हातारा शेतकरी बैलाच्या पाठीवर हात कसा फिरवतो, कुठे थांबतो आणि कुठल्या जागी दोनदा पाहतो, हे मुलाला दाखवा. इंजिनाची पुस्तके दुकानात मिळतात. ही पारख मात्र अशा बाजारातच शिकायला मिळते, आणि ती जाणणारी माणसे दरवर्षी थोडी कमी होत आहेत.